अमायलॉइड-पेट

अमायलॉइड-पेट : अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन हयात व्यक्तीत दाखवणारी अणुवैद्यकातील पेट (पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रण) तपासणी. टाऊ या दुसऱ्या प्रथिनासाठी वेगळा ट्रेसर (किरणोत्सर्गी मागोवा-द्रव्य) वापरतात. सी.टी. व एम.आर.आय.मध्ये मेंदूचे आकुंचन, गाठ किंवा रक्तस्राव कळतो. या प्रथिनांचा साठा त्यांत दिसत नाही.

पूर्वपीठिका : आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये पेशींबाहेरील साठे व पेशींतील गुंते वर्णिले, ते एका रुग्णेच्या शवविच्छेदनावरून. पुढे जवळजवळ शतकभर निदानाची खात्री मृत्यूनंतरच होई.

ट्रेसर : अमायलॉइड रंगवणारे थायोफ्लेविन-टी हे रंजक विद्युत्‌भारित असल्याने रक्तातून मेंदूत शिरत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातील विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस यांनी त्याचे भाररहित रूप घडवून त्याला कार्बन-११ जोडला. या विषयातले हेच निर्णायक काम होय. या ‘पिट्सबर्ग कंपाउंड-बी’ने माणसातील पहिले चित्रण २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे झाले. सौम्य अल्झायमरचे १६ रुग्ण व ९ निरोगी व्यक्ती यांच्यावरील निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्बन-११चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे, म्हणून तो तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र आवारातच लागते. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. त्यावर आधारलेल्या फ्लोरबेटापिर (२०१२), फ्लुटेमेटॅमॉल (२०१३), फ्लोरबेटाबेन (२०१४) आणि टाऊसाठीच्या फ्लोर्टाउसिपिर (२०२०) यांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

भारत व जबलपूर : देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट केंद्र २००२ मध्ये मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. कर्करोगासाठी लागणारे एफ.डी.जी. हे फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य त्यानंतर अनेक शहरांत पोचले. स्मृतिभ्रंशातही ते उपयोगी पडते, पण त्यातून पेशींचा ग्लुकोजवापर कळतो, प्रथिन नव्हे. अंतराचा हिशेब कठोर आहे : रस्त्याने पाच तास गेले की फ्लोरिन-१८ची सुमारे १५ टक्के क्रियाशीलता उरते, कार्बन-११ची व्यवहारतः काहीच नाही. नागपूर ते जबलपूर प्रवासाला साधारण तेवढाच वेळ लागतो. जबलपूरभोवतीच्या महाकोशल भागातील वृद्धांच्या बाबतीत म्हणून निदानाचा मुख्य आधार घरच्यांनी सांगितलेला इतिहास, स्मरणचाचणी व एम.आर.आय. हाच धरावा लागतो. हरियाणातील बल्लभगढच्या अभ्यासासाठी तयार झालेली हिंदी मानसिक चाचणी निरक्षरांनाही देता येते, हे तिचे मोठे मोल. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील वृद्धांना मात्र घरच्या बोलीत प्रश्न विचारणे अगत्याचे. परक्या भाषेत अडखळणे हे विस्मरण म्हणून नोंदले जाऊ नये.

वाचन : लहान मेंदूतील ट्रेसरचे ग्रहण आधारभूत मानून बाह्यकाच्या ग्रहणाशी त्याची तुलना करतात. निरोगी मेंदूत पांढऱ्या व करड्या भागांतील फरक ठळक असतो. साठा वाढला की हा फरक पुसट होतो. वेगवेगळ्या ट्रेसरची मापे जुळवण्यासाठी २०१५ पासून ‘सेंटिलॉइड’ मापश्रेणी आहे. तीत निरोगी तरुणांची सरासरी ० व ठरावीक सौम्य अल्झायमर रुग्णांची १०० धरली आहे.

स्मरणशक्तीशी संबंध : अमायलॉइड लक्षणांच्या दशकभराहून अधिक आधी साचू लागते, तल्लख स्मरणशक्तीच्या अनेक वृद्धांतही ते सापडते. त्यामुळे केवळ सकारात्मक अहवालावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही. नकारात्मक अहवाल मात्र अल्झायमरची शक्यता बरीच कमी करतो, आणि वैद्याला अधिक उपयोगी तोच. विस्मरणाच्या तीव्रतेशी टाऊचा पसारा अधिक जुळतो. लक्षणे नसताना निव्वळ अशा जैवखुणांवरून रोग म्हणावे का, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

उपचार : लेकानेमॅब व डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी औषधे देण्यापूर्वी अमायलॉइडची खात्री आवश्यक असते. उपचारादरम्यान मेंदूतील सूज व सूक्ष्म रक्तस्रावासाठी वारंवार एम.आर.आय. करतात.

रक्तचाचणी : रक्तातील फॉस्फोरिलीकृत टाऊ-२१७च्या मापनावरूनही मेंदूतील अमायलॉइडचा अंदाज येतो, आणि रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.