आदिलाबादचे शेत : ज्वारीपासून कापसापर्यंत

यवतमाळच्या बाजूने पैनगंगा ओलांडली म्हणजे आदिलाबाद लागते. त्याचे जुने नाव एदलाबाद. खानदेशातील एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, ते निराळे. नदी ओलांडल्याचे जमिनीवरून कळत नाही. तीच काळी माती, तोच कापूस, आणि बेला, जैनद या बाजूच्या गावांत मराठीही कानी पडते. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. येथे मात्र आदिलाबाद म्हणजे तो जुना, अखंड जिल्हा समजावा.

पावसाळा सरता सरता या भागातून गेलेल्या प्रवाशास खोऱ्यापासून उटनूरच्या पठारापर्यंत कापूसच कापूस दिसतो, आणि ही भूमी मुळातच कापसाची असावी असे त्याला वाटते. खोऱ्यापुरते ते खरेही आहे. बारीक व लांब धाग्याबद्दल एके काळी नावाजलेला गावरानी कापूस जसा नांदेड-परभणीकडे होई, तसाच तो येथेही होई. परंतु पठाराची गोष्ट वेगळी आहे. तेथे कापूस सर्वदूर पसरला तो मातीच्या ओढीने नव्हे. त्यामागे कागदाचा इतिहास आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

पठारावरचे शेतकरी म्हणजे राजगोंड आणि कोलाम. कोलाम डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून, त्या राखेत धान्य टोकीत; या पद्धतीस तिकडे पोडू म्हणतात. गोंड हा नांगरधारी शेतकरी. पण त्याचा नांगर हलक्या जमिनीवर चाले. पठाराच्या माथ्यावरची पातळ माती बैलजोडीस सोपी जाते आणि पहिल्या पावसातच पेरणीस तयार होते. तीत खरिपाची ज्वारी, सावा-कुटकीसारखी बारीक धान्ये, मका, तीळ, उडीद अशी पिके निघत. काही वर्षे पीक घ्यावे, माती थकली की ती पडीत टाकावी, शेजारचा तुकडा मोडावा, आणि पडीत जमिनीवर झुडपे वाढून ती पुन्हा सशक्त झाली की तिकडे परतावे, असा हा क्रम होता. नवे धान्य देवांना आणि पूर्वजांना अर्पण केल्यावाचून कोणी तोंडात घालीत नसे. एका वर्षी पेरलेल्या जमिनीच्या कितीतरी पट जमीन या पद्धतीस लागते. ती ओसाड दिसते, पण ओसाड नसते.

हे शेतकऱ्यास ठाऊक होते. जंगलखात्यास ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक करून घ्यावयाचे नव्हते. निजामी राजवटीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. आखणीच्या वर्षी जी जमीन नांगराखाली होती तेवढी गावाची धरली, आणि जी विश्रांती घेत होती ती जंगलात गेली. बहुतेक गोंडांजवळ पट्टा नव्हताच. ते ‘सिवाय जमाबंदी’ने, म्हणजे वर्षाच्या वर्षाला सारा भरून, जमीन कसत. सारा दिला म्हणजे जमीन आपली, ही त्यांची समजूत. सरकारी दप्तराची समजूत दुसरी होती.

या दोन समजुतींची टक्कर जोडेघाटला झाली. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा कुमरम भीम हा गोंड तरुण आपल्या लोकांसह डोंगरात जमीन मोडून राहिला होता. जंगलखात्याने त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला. तो अडून बसला, आणि १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडला. त्याची मागणी राज्याची होती की जमिनीची, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. मला वाटते, शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारणाराच पुस्तकी असतो.

श्रोतेहो, यानंतरचा योगायोग मोठा विलक्षण आहे. व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ दुसऱ्या महायुद्धामुळे ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरून हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. बंडाच्या मागोमाग ते आदिलाबादला गेले, मारलवाई या गोंड वस्तीत राहिले, आणि लोकांच्या रोषाचे मूळ जमिनीत आहे हे त्यांनी सरकारास सांगितले. मारलवाईस १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. तेथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती. १९४५ मध्ये ते सरकारचे सल्लागार झाले, आणि पुढील चार वर्षांत आदिवासींना लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे मिळाले. त्याच सुमारास संस्थानच्या मुलकी नोकरीतले सेतुमाधवराव पगडी गोंडी व कोलामी शिकत होते आणि त्या भाषांची व्याकरणे लिहीत होते. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. ही त्यांची बाजू काहीशी विस्मृतीत गेली आहे.

पट्टा आला, पण फिरती शेती गेली ती गेलीच. एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षे पीक घ्यावयाचे तर हलकी माती पुरत नाही. गोंड शेतकरी खोलगट भागातल्या भारी काळ्या जमिनीकडे वळला. तेथे प्रथम रब्बी ज्वारी आणि मग कापूस. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झालाच होता. मागोमाग सडका झाल्या, आणि वाटेबरोबर व्यापारी, सावकार व जमीन शोधणारे शेतकरी आले. त्यांत आपल्या बाजूचे मराठी शेतकरीही पुष्कळ होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कापसाने जमिनीस किंमत आणली, आणि किंमत येताच जमीन हातची जाऊ लागली. आदिवासी क्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरास बंदी घालणारा आंध्र प्रदेशाचा १९५९ चा नियम तेलंगणास १९६३ मध्ये लागू झाला. १९७० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरी गेलेली जमीन सहजी परतली नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे याच प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे तेरा माणसे ठार झाली.

पुढे हायमेनडॉर्फ पुन्हा या गावांत फिरले. त्यांच्या १९८२ च्या पुस्तकात जुन्या ज्वारीच्या शेतांत कापूस उभा आहे. घरची कणगी भरणारा शेतकरी आता कापूस विकून बाजारातून धान्य आणू लागला होता. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर आणखी एक गाठ सुटली. गावरानी कापसाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येई. संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. पाऊस ओढ देऊन दुबार पेरणी आली की ते दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते, आणि उधारी बहुधा त्याच दुकानात असते, जेथे पुढे कापूस घालावयाचा.

२०१८ मध्ये तेलंगण सरकारने पेरणीसाठी एकरी रोख मदत देण्यास आरंभ केला. ती पट्टेदारास मिळे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळास मिळत नसे. जंगलातल्या पोडू जमिनींचे पट्टे मोठ्या प्रमाणावर वाटण्याचा कार्यक्रम २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाला, तो आसिफाबाद येथे. कुमरम भीमाचे नाव आज ज्या जिल्ह्यास दिले आहे, त्याचेच ते ठाणे. जोडेघाटही त्याच जिल्ह्यात आहे.