माणिक चौकातली पाच नावं

आमच्या ब्राह्मणपुरीच्या माणसाला मोठं शहर म्हणजे नंदुरबार. शहाद्यावरून प्रकाशा, तिथं तापी ओलांडली की नंदुरबारची वाट. घरची मिरची विकायला वडील तिकडे जायचे, परतताना मला जळका बाजार, सोनार खुंट, मंगळ बाजार दाखवायचे. माणिक चौकात मात्र चप्पल काढून उभं राहायला सांगायचे.

नंदुरबार हे जुनं व्यापारी गाव. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी वाट इथूनच जायची. विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी 1610 च्या सुमारास इथून गेला, त्यानं इथला किल्ला आणि सुंदर तलाव नोंदवला. पुढे इंग्रजांची वखारही इथं आली. व्यापाराच्या ओढीनं गुजराती कुटुंबं इथं स्थिरावली. त्यामुळे बाजारात गुजराती, अहिराणी, मराठी आणि भिली अशा सगळ्या बोली कानावर येतात.

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. महिनाभरानं, 9 सप्टेंबरला, नंदुरबारच्या शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी ती अडवली, लाठ्या चालवल्या, मग गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा कोसळले. 28 डिसेंबर 1926 ला जन्मलेल्या शिरीषकुमारला सोळावं पुरं व्हायला अजून साडेतीन महिने होते.

ही नावं एका दमात वाचली की या शहराची घडण कळते. गुजराती घरातला मुलगा आणि केतकरांचा मुलगा एकाच मिरवणुकीत चालले, एकाच दिवशी गेले. पिढ्यान् पिढ्या शेजारी दुकानं थाटून राहिल्यानं जी आपुलकी तयार होते, तीच त्या दिवशी रस्त्यावर उतरली होती, असं मला ठामपणे वाटतं.

1998 मध्ये नंदुरबार जिल्हा झाला आणि कचेरीच्या कामासाठी आमचं जाणं वाढलं. माणसं दाखले काढतात, बाजार करतात आणि गाडी पकडतात. माणिक चौकातल्या या पाच जणांच्या स्मारकापाशी थांबायला पाच मिनिटं पुरतात. शहादा तालुक्यातल्या शाळांनी सहल काढताना ती राखून ठेवावीत आणि मुलांकडून पाचही नावं मोठ्यानं वाचून घ्यावीत. आपल्याएवढीच ती पोरं होती, हे त्यांना तिथं उभं राहूनच कळेल.