मतनोंद, आयकर मर्यादेवरील (बुलढाणा लोकसभा मतदारसंघ)

आयकराची करमुक्त मर्यादा ठरवणाऱ्या वित्त विधेयकांवर लोकप्रतिनिधीने दिलेल्या मतांचा हिशेब. हिवरा आश्रम (ता. मेहकर, जि. बुलढाणा) हे शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आणि त्याच्या शिक्षणसंस्थांमुळे ओळखले जाणारे गाव मेहकर विधानसभा आणि बुलढाणा लोकसभा मतदारसंघात येते. २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही लोकसभा निवडणुका येथून शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांनी जिंकल्या. त्याआधी १९९५, १९९९ आणि २००४ मध्ये ते मेहकरचे आमदार होते. त्यांच्या खासदारकीच्या काळात मर्यादा १,५०,००० रुपयांवरून, २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत, ४,००,००० रुपयांवर गेली. कोणत्या वाढीला त्यांनी ‘हो’ म्हटले, हे नावानिशी दाखवणारा तक्ता मात्र मांडता येत नाही. वित्त विधेयके एरवी आवाजी मतदानाने संमत होतात आणि आवाजाला नाव नसते.

हा दोष एका खासदाराचा नाही, पद्धतीचा आहे. लोकसभेच्या नियम ३६७ नुसार अध्यक्ष आधी आवाजावरून कौल सांगतात. तो कोणी अमान्य केला तरच लॉबी रिकाम्या करण्याचा आदेश निघतो आणि साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. तरीही वाद राहिला तर मतविभागणी होते आणि कोण कोणत्या बाजूला हे छापले जाते. मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून डोकी मोजू शकतात. त्या वेळी आकडा मिळतो, नावे नोंदवली जात नाहीत. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते म्हणून तेथे मतविभागणी टळत नाही. महिला आरक्षण विधेयकाचे ४५४ विरुद्ध २ हे आकडे (२०२३) त्यामुळेच उपलब्ध आहेत. करमर्यादेला साधे बहुमत पुरते.

जाधवांच्या काळातले टप्पे असे : २००९ च्या अर्थसंकल्पात सर्वसाधारण करदात्याला १,६०,००० आणि महिलांना १,९०,०००, २०११ मध्ये १,८०,०००, २०१२ मध्ये २,००,००० आणि महिलांची वेगळी मर्यादा बंद (हे तिन्ही प्रणव मुखर्जी यांचे), जुलै २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्याकडून २,५०,०००. जुन्या प्रणालीत मर्यादा तेथेच थांबली आहे. पुढची सूट बहुतांशी कलम ८७अ च्या करसवलतीतून आली. २०१९ मध्ये पाच लाखांपर्यंत, २०२३ मध्ये नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत आणि २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंत कर शून्य झाला. मर्यादा आणि सवलत यांची बोलण्यात सरमिसळ होते. मर्यादेखालच्या रकमेवर कर लागतच नाही. सवलतीत कर आधी निघतो आणि मग माफ होतो. विशेष दराच्या भांडवली नफ्यासारख्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत ही माफी मिळत नाही. फेब्रुवारीचा पगार कापून हातात आला की शाळेच्या स्टाफरूममध्ये हा फरक आपोआप समजतो.

पक्षाच्या बाजूवरून खासदाराचे मत ताडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. २०१४ पर्यंत शिवसेना विरोधी बाकांवर होती, नंतर सत्तेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती राष्ट्रीय लोकशाही आघाडीतून बाहेर पडली आणि जुलै २०२२ मध्ये जाधव एकनाथ शिंदे गटाबरोबर गेले. नवी करप्रणाली ज्या वित्त विधेयकातून आली, ते लोकसभेने २३ मार्च २०२० रोजी करोनाच्या सावटाखाली चर्चेविना संमत केले. तेव्हा शिवसेना विरोधात होती; तेवढ्यावरून जाधवांचे मत विरोधी धरता येत नाही. शिवाय दहाव्या परिशिष्टानुसार (१९८५) पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. वित्त विधेयकावर हरणे म्हणजे सरकार पडणे असाच संकेत असल्याने अशा दिवशी पक्षादेश कडक असतो.

व्यक्तीची खरी निशाणी अन्यत्र सापडते : अर्थसंकल्पावरची भाषणे, प्रश्न, खासगी सदस्याच्या दुरुस्त्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११७ नुसार कर कमी करणारी दुरुस्ती मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागत नाही, म्हणजे ‘मर्यादा वाढवा’ ही सूचना साधा खासदारही देऊ शकतो. केरळचे एन. के. प्रेमचंद्रन वित्त विधेयकांवर अशा दुरुस्त्या सातत्याने देणाऱ्यांपैकी. त्या बहुधा आवाजातच फेटाळल्या जातात, पण मांडणाऱ्याचे नाव कार्यवाहीत राहते. जाधव ९ जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत (आयुषचा स्वतंत्र प्रभार, शिवाय आरोग्य व कुटुंबकल्याण). मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे तेव्हापासून उपस्थितीचा दाखलाही उरत नाही. मात्र सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाने सरकारच्या अर्थसंकल्पाशी ते बांधलेले आहेत.

मेहकर तालुक्यात मर्यादेचा विषय शेतीपाशी येऊन अडतो. शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार सातव्या परिशिष्टाने राज्यांना दिला, तर उरलेल्या उत्पन्नावरचा केंद्राला. तरीही १९७३ पासून, के. एन. राज समितीच्या शिफारशीवरून, पगार आणि शेती दोन्ही असलेल्यांचे शेती उत्पन्न कराचा दर काढण्यापुरते मिळवले जाते. शेतीबाहेरचे उत्पन्न करमर्यादेपेक्षा जास्त आणि शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल तरच हा हिशेब लागतो. सोयाबीन पिकवणाऱ्या शिक्षकाला तो माहीत असावा लागतो. १९७३ मध्ये हा हिशेब आला तेव्हाचे अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांनीच १९७४-७५ मध्ये मर्यादा ५,००० वरून ६,००० केली आणि अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोहोचलेला वरचा दर ७७ वर आणला. १९९० मध्ये मधू दंडवते यांनी मर्यादा १८,००० वरून २२,००० केली. करमर्यादेवर ठळक नाव उमटते ते अर्थमंत्र्याचे, मत देणाऱ्या पाचशेंचे नव्हे.

आमदाराला आयकरावर मतच नाही. त्याच्या हातातली जवळची गोष्ट म्हणजे १९७५ च्या राज्य कायद्याचा व्यवसायकर, जो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी आला. अनुच्छेद २७६ ने तो वर्षाला २,५०० रुपयांवर जाऊ शकत नाही. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. आधी ही मर्यादा १०,००० होती.