भरतपूरचे दोन दिवस : पाणी, पक्षी आणि पानिपतानंतरची वाट

दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, जयपूर या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो. शनिवार-रविवार एवढीच सुट्टी आहे, मुलांना जंगल दाखवायचंय, आपल्याला थोडा इतिहासही बघायचाय. तर जायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे. भरतपूरला जा. केवलादेव राष्ट्रीय उद्यान, तिथल्या लोकांच्या तोंडी नुसतं 'घना'. दिल्लीहून सुमारे 180 किलोमीटर, आग्र्याहून साधारण 55. दिल्ली-मुंबई रेल्वेमार्गावरच स्टेशन आहे. वाघ दिसला नाही म्हणून मुलं हिरमुसतील, ही भीती इथे नाही. इथे माणसं पक्षी बघायला येतात, आणि पाऊसपाणी नीट झालेलं असेल तर पक्षी दिसतातच.

पण आजचा भाग नुसता सहलीच्या वेळापत्रकाचा नाही. हे उद्यान जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत राजाचा बांध आहे, व्हाइसरॉयच्या बंदुका आहेत, गावकऱ्यांच्या म्हशी आहेत, आणि आपल्या पानिपताचा एक धागाही आहे. तो डोळ्यांसमोर ठेवून दोन दिवसांचा बेत आखू.

शनिवार सकाळ : घनात

पहिली गोष्ट, लवकर उठा. दरवाजा उघडताना हजर राहा. आत सायकल घ्या किंवा सायकलरिक्षा. रिक्षावाले इथले खरे जाणकार. त्यांच्यातल्या अनेकांना पक्ष्यांची ओळख सांगण्याचं प्रशिक्षण मिळालेलं आहे. लगाम देणारा रिक्षावाला बोट दाखवून सांगतो आणि मगच आपल्याला फांदीवर बसलेलं घुबड दिसतं. तोवर ते झाडाचंच खोड वाटत असतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे, बगळे यांची घरटी लगडलेली दिसतील. अशा सामुदायिक वीणवसाहतीला मराठीत सारंगागार असा सुंदर शब्द आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर उत्तरेकडून आलेली बदकं आणि पट्टकदंब हंस भेटतील. थंडी मात्र कडक असते. स्वेटर, कानटोपी, आणि असल्यास दुर्बीण, एवढं सामान पुरे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे जंगल, ही तळी, हे पाणी निसर्गतः असं नव्हतं. इथे एक नैसर्गिक खोलगट जागा होती, पावसाळ्यात पाणी साचायचं, बस. 18व्या शतकात भरतपूरचे जाट राजे सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घातला गेला. पुढे दीडशे वर्षांनी, 19व्या शतकाच्या अखेरीस, संस्थानाने आत छोटे बांध, पाट आणि पाणी सोडायची दारं करून या खोलगट जागेचे कप्पे पाडले. कोणत्या कप्प्यात किती पाणी ठेवायचं हे माणूस ठरवू लागला. म्हणजे आपण 'निसर्ग' म्हणून जे बघायला जातो, ते खरं तर पाटबंधाऱ्याचं काम आहे.

आणि ते काम झालं कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी. मुख्य दरवाजापासून साधारण पाच किलोमीटर आत केवलादेव महादेवाचं मंदिर आहे. त्याच्या परिसरात दगडावर कोरलेल्या शिकारीच्या नोंदी आहेत. मुलांना तिथे जरूर थांबवा आणि मोठ्याने वाचायला लावा. तारीख, प्रमुख पाहुणा, मेलेले पक्षी, बंदुका, असा हिशोब आहे. सुरुवात 1902 सालच्या डिसेंबरात लॉर्ड कर्झनपासून होते : 17 बंदुका, 540 पक्षी. आणि कळस 12 नोव्हेंबर 1938 ला. पाहुणे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, बंदुका 39, एका दिवसात मारलेले पक्षी 4,273. भागाकार करून पाहा, एका बंदुकीमागे सरासरी सुमारे 110 पक्षी येतात.

ही यादी वाचून लगेच इंग्रजांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. कारण यादी 1947 ला थांबत नाही. स्वातंत्र्यानंतरच्याही नोंदी त्याच दगडावर आहेत. 1956 साली ही जागा पक्षी अभयारण्य झाली, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत टिकून होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकारीसाठी का होईना, संस्थानाने हे पाणी राखलं. स्वातंत्र्यानंतर आसपासच्या लोकांची मागणी होती की हे पाणी शेतीला द्या, तळी उपसून जमीन लागवडीला आणा. उपाशी देशात ही मागणी चूक म्हणता येणार नाही. तेव्हा डॉ. सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत ही गोष्ट नेली आणि घना वाचला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं या जागेशी असलेलं नातं तिथून घट्ट झालं. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचं मोठं काम या संस्थेने इथे केलं.

शनिवार दुपार : भिंतीपाशी

जेवण झालं की उद्यानाच्या कडेकडेने एक चक्कर मारा. सगळीकडे दगडी भिंत दिसेल, पुरुषभर उंचीची. बहुतेक पाहुणे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण माझ्या मते घनाच्या इतिहासातलं सगळ्यात अवघड पान त्या भिंतीवर आहे.

1982 साली घना राष्ट्रीय उद्यान झालं. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आपल्याला सारखेच वाटतात, कायद्यात मात्र मोठा फरक आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई आहे. आणि भोवतालच्या गावांच्या म्हशी तर पिढ्यान् पिढ्या इथेच चरत होत्या. त्याच वर्षी चराई बंद झाली. नोव्हेंबरात गावकरी भिंतीपाशी जमले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. शिकारीच्या नोंदींना दगड मिळाला. या माणसांच्या नावांचा दगड त्या बागेत नाही.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. चराईबंदीला पक्षीतज्ज्ञांचा पाठिंबा होता, खुद्द सलीम अलींचाही. म्हशींमुळे पाणथळीचं नुकसान होतं, असा त्यांचा समज होता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1980 पासून दहा वर्षं इथे सविस्तर अभ्यास केला. निष्कर्ष काय निघाला? उलटाच. म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं, मासे आणि पाणपक्षी यांना जागा उरली नाही. इतकी वर्षं म्हैस फुकटात गवत काढत होती, हे ती गेल्यावर कळलं. ज्या संस्थेच्या तज्ज्ञांनी बंदीला होकार दिला, त्याच संस्थेने आपला होकार चुकला हे आकड्यांनिशी मांडलं. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. पण कायदा मागे हटला नाही. म्हशी परत आल्या नाहीत. गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली, आणि पुढे माजलेली विलायती बाभूळ मुळासकट काढण्याचं कामही गावकऱ्यांकडूनच करून घेतलं गेलं. ज्यांना भिंतीबाहेर घातलं, त्यांच्याचवाचून आतलं चालेना.

शनिवार संध्याकाळ : लोहागड

ऊन उतरलं की भरतपूरच्या किल्ल्यात जा. नाव लोहागड, पण आपल्या लोणावळ्याजवळच्या लोहगडाशी गल्लत करू नका. हा भुईकोट आहे. जाड मातीचे तट आणि भोवती सुजानगंगा नावाचा रुंद खंदक.

1805 च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथे लॉर्ड लेकने वेढा घातला होता. आत होते भरतपूरचे राजा रणजितसिंह (लाहोरचे नव्हेत, सूरजमल यांचे पुत्र), आणि त्यांच्या आश्रयाला आलेले यशवंतराव होळकर. इंग्रजांनी चार हल्ले केले, चारही फसले, तीन हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. तोफेचे गोळे मातीच्या तटात रुतून बसत. आणि दुसऱ्या हल्ल्यात तर खंदकाचं पाणी इतकं वाढवलेलं होतं की इंग्रजांनी तयार करून आणलेला पूल तोकडा पडला. इंग्रज यातून शिकले. 1825 च्या डिसेंबरात लॉर्ड कॉम्बरमिअर आला, तेव्हा त्याने आधी मोती झीलचा बांध ताब्यात घेतला, म्हणजे खंदकात पाणी सोडताच येऊ नये. पुढच्या महिन्यात किल्ला पडला.

बघा, शनिवारी सकाळी जे पाहिलं तेच संध्याकाळी पुन्हा समोर येतं. पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं, ही या राज्याची खरी विद्या होती. तिच्यावरच किल्ला उभा होता आणि तिच्यावरच पक्षी आले.

रविवार : कुम्हेर आणि डीग

रविवारी पहाटे पुन्हा दोन तास घनात काढा, आणि मग उत्तरेला डीगकडे निघा. अंतर साधारण 35 किलोमीटर. वाटेत कुम्हेर लागतं.

कुम्हेरला मराठी माणसाने थांबायलाच हवं. 1754 साली मराठ्यांनी सूरजमल यांच्या या किल्ल्याला वेढा घातला होता. मार्च महिन्यात तोफेच्या माऱ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव इथे मारला गेला. खंडेरावाची पत्नी सती जायला निघाली होती, मल्हाररावांनी तिला विनवून थांबवलं. ती म्हणजे अहिल्याबाई. म्हणजे काशी विश्वनाथापासून घाटांपर्यंत देशभर जे काम उभं राहिलं, त्याची एक सुरुवात या धुळीच्या गावात झालेल्या शोकात आहे.

आता सात वर्षं पुढे चला. 14 जानेवारी 1761, पानिपत. सूरजमल आधी भाऊसाहेबांबरोबर दिल्लीपर्यंत आले होते. बायकामुलं आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवा, हा त्यांचा सल्ला मानला गेला नाही, मतभेद वाढले आणि ते निघून गेले. लढाईनंतर जखमी, उपाशी, अंगावर धड कपडे नसलेली मराठी माणसं दक्षिणेकडे चालत निघाली, तेव्हा ती कोणाच्या मुलखात शिरली? याच मुलखात. सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्न दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई याच वाटेने सुखरूप परतल्या. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर जखमी होऊन इथवर पोचला आणि याच मुलखात त्याने देह ठेवला.

ज्यांच्या किल्ल्याला सात वर्षांपूर्वी आपण वेढा घातला, त्यांनीच आपल्या माणसांना जेवू घातलं. पानिपतावर आपण खूप बोलतो, पण ही परतीची वाट फारशी बोलली जात नाही. ती पायाखालून घालायची असेल तर कुम्हेर-डीगचा रस्ता धरा.

डीगला सूरजमल यांच्या काळचे जलमहाल आहेत. दोन्ही बाजूंना तलाव, मध्ये बाग, आणि उंचावरच्या हौदातल्या पाण्याने चालणारी शेकडो कारंजी. पुन्हा पाणीच.

परतीआधी

एक गोष्ट राहिली. सायबेरियन क्रौंच. पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तानमार्गे हजारो किलोमीटर उडत हे पांढरेशुभ्र पक्षी हिवाळ्यात घनात उतरत. 1960 च्या दशकात सुमारे 200 मोजले गेले होते. संख्या घटत गेली आणि 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर आले नाहीत. वाटेवरची शिकार, आटलेल्या पाणथळी, अशी बरीच कारणं.

आणि पाणी? गंभीर नदीवर वरच्या बाजूला करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. तिथल्या शेतकऱ्यांना ते पाणी हवं, खाली घनालाही हवं. 2004 साली घना कोरडा पडण्याची वेळ आली. नंतर गोवर्धन कालव्यातून आणि चंबळच्या नळातून पाणी आणण्याची सोय झाली. 1985 पासून जागतिक वारसा असलेल्या या जागेचं पाणी आजही दर पावसाळ्यात नव्याने ठरतं. स्वातंत्र्यानंतरचा तोच प्रश्न आहे : पाणी शेताला की पक्ष्यांना?

म्हणून बेत पक्का करण्याआधी यंदा पाऊस कसा झाला आणि घनात पाणी किती आहे, याची चौकशी करा. आणि गेलात की रिक्षावाल्याला पक्ष्यांची नावं तर विचाराच, पण कोरड्या वर्षी त्याचं घर कसं चाललं हेही विचारा. तो सांगेल ते कोणत्याही फलकावर लिहिलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.