मोजणारी माणसे

मार्च २०११ मधल्या एका सोमवारची गोष्ट. मी तेव्हा पालघरजवळच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवत असे. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, उजळणीचे तास चालू होते; पण त्या दिवशी वर्गाचे लक्ष पुस्तकात नव्हते. शुक्रवारी जपानमध्ये भूकंप झाला होता, त्सुनामी आली होती आणि शनिवार-रविवार मुलांनी टीव्हीवर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातून उठणारा धूर पाहिला होता. आमची शाळा तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून फार लांब नव्हती. कुणाचे वडील, कुणाचे काका तिथे कामाला. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आणि फुकुशिमाची १९७१ सालची पहिली अणुभट्टी एकाच अमेरिकन कंपनीच्या आराखड्यातल्या, एकाच कुळातल्या. त्यामुळे जपानचा धूर आमच्या मुलांना परका वाटत नव्हता.

कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही, असं तुम्हीच शिकवलंत. मग तिथल्या माणसांना कळतं कसं, कधी पळायचं आणि कुठे पळायचं ते?"

मी म्हणालो, "सरकार सांगतं ना." आणि फळ्याकडे वळलो.

श्रोतेहो, ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. किती अपुरे, ते कळायला मला काही वर्षे लागली. आजचे बोलणे त्याबद्दल आहे.

आधी घडले काय, ते थोडक्यात सांगतो. ११ मार्च २०११ रोजी जपानी वेळेनुसार दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या सहापैकी तीन अणुभट्ट्या तेव्हा चालू होत्या. त्या आपोआप बंद पडल्या, म्हणजे यंत्रणेने आपले काम चोख केले. पण चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसे अणुइंधन बंद भट्टीतही तापत राहते. त्यावर सतत पाणी खेळवावे लागते आणि पाणी खेळवायला वीज लागते. भूकंपाने बाहेरची वीज तोडली, तेव्हा डिझेलची जनित्रे सुरू झाली. पाऊण-एक तासाने समुद्र आत आला. आराखड्यात लाटेची उंची धरली होती ५.७ मीटर, आलेली लाट होती १४ मीटरच्या आसपास. तळघरातली जनित्रे बुडाली आणि पुढच्या चार दिवसांत तिन्ही भट्ट्यांमधले इंधन वितळले. १२, १४ आणि १५ तारखेला हायड्रोजनचे स्फोट होऊन इमारतींची छपरे उडाली. महिनाभराने, १२ एप्रिलला, या अपघाताला सातवी श्रेणी दिली गेली. त्याआधी ती फक्त चेर्नोबिलच्या वाट्याला आली होती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारने सांगितले का? सांगितले. ११ तारखेच्या रात्री केंद्रापासून ३ किलोमीटरपर्यंतची माणसे हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे १० किलोमीटर, संध्याकाळी २० किलोमीटर. कंपास घेऊन नकाशावर वर्तुळे काढावीत, तसे हे आदेश निघत गेले. पण वाऱ्याला कुठे कंपास ठाऊक असतो? १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला आणि त्याच वेळी पाऊस-बर्फ पडू लागला. हवेतले सीझियम जमिनीवर उतरले ते एका लांबट पट्ट्यात, वर्तुळांची पर्वा न करता.

नामिए या किनाऱ्यावरच्या गावातले हजारो लोक १२ तारखेला डोंगरातल्या त्सुशिमा भागात गेले होते. केंद्रापासून दूर, म्हणजे सुरक्षित, असा साधा हिशोब. मुले बाहेर खेळत होती, ओढ्याच्या पाण्यात भात शिजत होता. आणि तो भाग नेमका त्या लांबट पट्ट्यात येत होता. त्याच पट्ट्यातले इताते हे सुमारे ६००० वस्तीचे गाव ३० किलोमीटरच्या बाहेर, म्हणून ते तर इतरांना आसरा देत होते. १५ तारखेच्या संध्याकाळी तिथे ताशी ४० मायक्रोसिव्हर्टच्या वर किरणोत्सर्ग मोजला गेला. एरवी तो ताशी ०.१ सुद्धा नसतो. गाव सोडण्याचा आदेश निघाला २२ एप्रिलला.

किरणोत्सर्गी ढग कोणत्या दिशेने जाईल याचे अंदाज काढणारी 'स्पीडी' नावाची संगणक यंत्रणा जपानकडे होती. पहिल्या दिवसापासून ती चालू होती. तिचे नकाशे लोकांपुढे पहिल्यांदा ठेवले गेले ते २३ मार्चला. भट्टीतून नेमके किती द्रव्य बाहेर पडले तो आकडाच हाती नव्हता, म्हणून गणित भरवशाचे नव्हते, असे कारण दिले गेले. ते कारण अगदीच पोकळ नाही. पण किती ते ठाऊक नसले, तरी कुठे ते त्या नकाशांवरून दिसत होते.

याच दिवसांत शिन्झो किमुरा नावाचे एक शास्त्रज्ञ सरकारी संस्थेतली नोकरी सोडून फुकुशिमाकडे निघाले. चेर्नोबिलच्या परिसराचा अभ्यास केलेला माणूस. परस्पर पाहणीला जायचे नाही, असा आदेश आल्यावर त्यांनी राजीनामा दिला. गाडीत मोजयंत्र ठेवून ते रस्तोरस्ती फिरले. त्सुशिमा भागातल्या एका वस्तीत त्यांना अजून राहत असलेली माणसे भेटली. आपण कशात बसलो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. आकडा कळल्यावर ती तिथून निघाली. जपानच्या सार्वजनिक वाहिनीने या पाहणीवर केलेला माहितीपट त्याच वर्षी मे महिन्यात दाखवला गेला आणि देशभर खळबळ उडाली.

हे वाचताना मला चेर्नोबिल आठवत होते. २६ एप्रिल १९८६ ला तिथला स्फोट झाला. जगाला ते कळले २८ तारखेला आणि तेही स्वीडनमधून; तिथल्या एका अणुवीज केंद्रात कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला म्हणून. त्या रात्री मॉस्कोने चार-पाच वाक्यांची बातमी दिली. गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले १४ मे रोजी. कुठला मुलूख किती दूषित झाला याचे नकाशे वर्तमानपत्रांत यायला १९८९ उजाडले. मधल्या काळात मुलांनी दूषित दूध प्यायले आणि पुढे हजारोंना थायरॉइडचा कर्करोग झाला. बेलारूसमधल्या वसिली नेस्तेरेंको या अणुशास्त्रज्ञाने १९९० मध्ये स्वतंत्र संस्था काढली आणि गावोगावी अशी केंद्रे उघडली, की जिथे बाईने घरच्या गाईचे दूध आणावे आणि मोजून घ्यावे. अणुऊर्जेचा वाद बाजूला ठेवू. आजचे दूध पोराला द्यायचे की ओतून टाकायचे, एवढा एकच प्रश्न तिथे सुटत असे.

जपानमध्ये हेच काम फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले. अपघातानंतर आठवड्याभरात काही हौशी तंत्रज्ञ एकत्र आले. बाजारातली गायगर मोजयंत्रे तोवर संपली होती, म्हणून त्यांनी स्वतःच यंत्र जुळवले. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मोजनळी, उपग्रहावरून ठिकाण सांगणारी चकती आणि नोंद ठेवणारे कार्ड. जपानी डब्याला 'बेंटो' म्हणतात, म्हणून यंत्राचे नाव 'बीगायगी'. ही पेटी गाडीच्या खिडकीला अडकवायची आणि फिरायचे. दर काही सेकंदांना एक नोंद. 'सेफकास्ट' या नावाने चाललेल्या या कामात पुढे दहा कोटींहून अधिक नोंदी जमल्या आणि त्या कुणालाही फुकट वापरायला खुल्या आहेत.

इवाकी शहरात आयांनी पुढाकार घेऊन नोव्हेंबर २०११ मध्ये 'ताराचिने' ही प्रयोगशाळा उभी केली. विज्ञानाची पदवी नसलेल्या बायका भाजी, तांदूळ, माती, समुद्राचे पाणी तपासायला शिकल्या.

आया इतक्या का पेटल्या? एप्रिल २०११ मध्ये शाळांच्या मैदानांसाठी मर्यादा ठरली, ताशी ३.८ मायक्रोसिव्हर्ट. हा आकडा आला कुठून? मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून हिशोब मांडून पाहिला. मूल ८ तास बाहेर आणि १६ तास लाकडी घरात राहते. घरात किरणोत्सर्ग बाहेरच्या ४० टक्के धरला. दिवसाचे सुमारे ५५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. एरवी सामान्य नागरिकासाठी मर्यादा असते वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. तोशिसो कोसाको या विकिरण-सुरक्षेच्या प्राध्यापकांनी पंतप्रधानांच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला तो यावरूनच. पत्रकारांसमोर बोलताना त्यांना रडू आवरले नाही. आईबापांनी मंत्रालयासमोर धरणे धरले. मे संपता संपता मंत्रालयाने शाळेच्या वेळेपुरते १ मिलिसिव्हर्ट हे उद्दिष्ट मान्य केले आणि मैदानांची वरची माती खरवडली जाऊ लागली.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की लोकांनी मोजले म्हणजे सरकारचे खोटे उघडे पाडले. तसे नाही. मोजणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे धक्के बसले. कुठे सुरक्षित म्हटलेल्या गल्लीत गटाराच्या तोंडाशी आकडा एकदम चढला. तर कुठे, ज्या शहरांच्या नावाने लोक घाबरत होते, तिथे तो भीतीच्या मानाने फारच कमी निघाला. २०१४ मध्ये फुकुशिमातल्या काही शाळांमधल्या मुलांनी छोटी मोजयंत्रे अंगावर बाळगली. तशीच फ्रान्स, पोलंड आणि बेलारूसमधल्या मुलांनीही. सगळी मिळून २१६ मुले-माणसे. फुकुशिमातल्या वस्त्यांमधल्या मुलांना मिळणारा किरणोत्सर्ग इतर देशांतल्या मुलांच्या तोडीचाच निघाला. तो निबंध विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला गेला. नववी-दहावीच्या पोरांना आयुष्यभर शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तरला याचे किती अप्रूप वाटले असेल!

तिथल्या कोळ्यांचेही तसेच. जून २०१२ पासून त्यांनी थोडी थोडी मासेमारी सुरू केली आणि प्रत्येक फेरीची मासळी तपासून घेतली. सरकारची मर्यादा किलोला १०० बेकेरेल. त्यांनी स्वतःवर घातलेली ५०. बाजाराचा विश्वास असा तराजूवर तोलून तोलून त्यांनी परत आणला. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये, टाक्यांमध्ये साठलेले तेरा लाख टनांच्या वर शुद्ध केलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यात उरलेले ट्रिटियम मर्यादेच्या पुष्कळ खाली होते, हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही तपासले होते. पण त्याच दिवशी चीनने जपानी मासळी बंद केली. एकदा गेलेला विश्वास नुसत्या आकड्याने परत येत नाही, तो आकडा कोणी मोजला हेही लोक विचारतात.

आणि आकड्यालाही मर्यादा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सुमारे १ लाख ६० हजार माणसांनी घरे सोडली. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीने सुमारे १६०० माणसे गेली. नंतरची धावपळ, आजारी म्हाताऱ्यांना बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवणे, छावण्यांतले एकटेपण, आत्महत्या यांत दगावलेल्यांची सरकारी नोंद २३०० च्या पुढे गेली. किरणोत्सर्गामुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्यावर थेट परिणाम झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला २०२१ च्या अहवालापर्यंत आढळले नाही. म्हणजे पळणेही जिवावर बेतते. कधी पळायचे, याइतकाच कुणाला पळवायचे नाही, हा प्रश्न मोठा असतो.

इताते गाव बहुतांश २०१७ मध्ये पुन्हा खुले झाले. फुताबा गावात माणसे राहायला परतली ती २०२२ मध्ये. त्यात म्हातारी माणसे जास्त. एकाच घरात आजोबा म्हणतात, एवढ्या आकड्याने मला काय होणार, मी माझ्या शेतावर मरेन. आणि सून म्हणते, मी मुलांना आणणार नाही. आकडा दोघांसमोर एकच असतो. दोघांपैकी कुणी चूक आहे असे मला वाटत नाही. पण आकडा समोर असल्यामुळे निर्णय त्यांचा असतो. २०११ च्या मार्चमध्ये त्सुशिमाच्या ओढ्याकाठी भात शिजवणाऱ्यांना तेवढीही मुभा नव्हती.

काम अजून संपलेले नाही. खरवडलेली माती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर न्यायची असा कायदा आहे. कुठे न्यायची ते ठरायचे आहे. तिन्ही भट्ट्यांच्या तळाशी वितळलेला सुमारे ८८० टन गाळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातला पहिला नमुना बाहेर काढला, तो एक ग्रॅमही नव्हता. म्हणजे मोजणाऱ्यांची पुढची पिढीही लागणार.

ती कोळीवाड्यातली मुलगी आता तिशीला टेकली असेल. आज ती भेटली तर मी तिला सांगेन, की सरकार सांगते ते ऐकायचे. पण ते बरोबर आहे का हे तपासण्यापुरते आपल्यालाही मोजता आले पाहिजे, आणि मोजल्यावर तो आकडा वाचताही आला पाहिजे. यावर ती काय विचारेल, तेही मला ठाऊक आहे. ती विचारेल, "मग सर, आपल्या प्रयोगशाळेत ते यंत्र होतं का?"

नव्हते. कपाटात लोहचुंबक होते, भिंगे होती, एक जुना तराजू होता. मी निवृत्त झालो तेव्हाही तेवढेच होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)