सहकारी संस्था चालवण्याची पदवी : नोकरी न सोडता शिकता येईल असा मार्ग

पदवी झाली की मुलं विचारतात, ‘सर, आता पुढे काय?’ आम्ही शिक्षकही ठरलेली उत्तरं देतो : बीएड करा, एमबीए करा, स्पर्धा परीक्षा द्या. पतपेढी, दूध संस्था, हाउसिंग सोसायटी किंवा ग्राहक भांडार चालवण्याचंही रीतसर उच्च शिक्षण असतं, हे आपल्या घरांतून फारसं माहीत नाही. म्हणून त्यातल्या एका अभ्यासक्रमाची ही ओळख.

अभ्यासक्रम कुठला?

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्स शहर आहे. तिथल्या सेंट मेरीज विद्यापीठात २००३ पासून ‘सहकारी संस्था आणि क्रेडिट युनियन’ या विषयात व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी दिली जाते. क्रेडिट युनियन म्हणजे साधारणपणे आपली पतसंस्था. हे शिक्षण अर्धवेळ आणि ऑनलाइन आहे. नोकरी सांभाळून साधारण तीन वर्षांत ते पूर्ण होते. माध्यम इंग्रजी आहे. सहकारी संस्थांत आधीच काम करणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून ते आखलेले आहे.

असा अभ्यासक्रम याच प्रांतात उभा राहिला, यामागे इतिहास आहे. १९२८ मध्ये इथल्याच अँटिगोनिश गावातील सेंट फ्रान्सिस झेविअर विद्यापीठाने विस्तार विभाग सुरू केला. फादर मोझेस कोडी त्याचे प्रमुख होते. गरीब मच्छीमार, शेतकरी आणि खाणकामगार यांची छोटी अभ्यासमंडळे भरवली गेली. लोक आधी हिशेब, बाजार आणि कर्ज समजून घेत आणि मगच संस्था काढत. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं : आधी संस्था नोंदवली जाते, शिकण्याचं नंतर बघू म्हणतात.

एमबीएपेक्षा वेगळे काय?

कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. प्राथमिक सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत. शिवाय सभासद हा मालकही असतो आणि ग्राहकही. पतपेढीत ठेवीदाराला व्याज जास्त हवे आणि कर्जदाराला कमी हवे, दोघेही मालकच! हा तोल कसा सांभाळायचा, नफा वाटायचा की राखीव निधीत टाकायचा, संचालक मंडळाने कुठे थांबायचे आणि व्यवस्थापकाने कुठून सुरुवात करायची, हे प्रश्न सहकारी व्यवस्थापनाच्या मुळाशी आहेत.

सहकाराचा इतिहास, अर्थशास्त्र, हिशेब आणि कारभार हे अभ्यासाचे मुख्य भाग आहेत. चालू संस्था प्रत्यक्ष पाहण्याचा अभ्यासदौराही या शिक्षणाचा भाग राहिला आहे. स्पेनमधील मोन्ड्रागोन हे त्यातले नावाजलेले ठिकाण. तिथे १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा पहिला कारखाना निघाला. पुढे मोठा समूह उभा राहिला. पण त्याच समूहातली घरगुती उपकरणे बनवणारी फागोर ही संस्था २०१३ मध्ये बुडाली. तिच्या अनेक सभासद-कामगारांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतले. सहकार म्हणजे बुडणारच नाही असे नाही, पण बुडताना माणसांचे काय करायचे याचाही विचार आधी करता येतो.

आपला संबंध काय?

आपल्या वस्तीतल्या पतपेढीत मुलीच्या लग्नाचे, हजचे, फीचे पैसे असतात. ती अमानत आहे. पण ठेव वर्षभराची आणि कर्ज पाच-सात वर्षांचे असेल, आणि ठेवीदार एकदम पैसे मागायला आले, तर प्रामाणिक सेक्रेटरीचीही तारांबळ उडते. नियत साफ हवीच, पण तेवढ्याने तिजोरी भरत नाही. त्यासाठी तालीम लागते.

व्याजामुळे पतपेढीपासून दूर राहणाऱ्यांनीही हा विषय सोडू नये. दूध, घरे, किराणा, यंत्रमाग अशा कितीतरी कामांत सहकार चालतो. कॅनडातल्याच टोरांटोमध्ये मुस्लिमांनी १९८१ मध्ये बिनव्याजी घरखरेदीसाठी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली.

अर्ज करण्याआधी

परदेशी विद्यार्थ्याची फी, दौऱ्याचा आणि व्हिसाचा खर्च विद्यापीठाकडून लेखी मागवून घ्या. हॅलिफॅक्स आणि आपल्या वेळेत साडेआठ-साडेनऊ तासांचा फरक आहे. थेट वर्ग किती आणि कधी, तेही विचारा. ही पदवी भारतात सरकारी नोकरीसाठी वापरायची असेल, तर ऑनलाइन परदेशी पदवीला समकक्षता मिळेल का याची आधी खात्री करा. कर्ज काढून केवळ नावासाठी पदवी घेऊ नका.

खर्च झेपत नसेल तर जवळही दारे उघडी आहेत. पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. गुजरातमधील आणंद येथे २०२५ च्या कायद्याने त्रिभुवन सहकारी विद्यापीठ स्थापन झाले आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही सभासद, संचालक आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे.

ज्यांच्या घरात कुणी पतपेढीत क्लार्क, हिशेबनीस किंवा संचालक आहे, त्यांनी या वर्षीच्या वार्षिक सभेत एवढंच विचारावं : आपल्या संस्थेतून प्रशिक्षणाला कोण गेलं होतं, आणि पुढे कोणाला पाठवणार? यादीत काउंटरवर बसणाऱ्या मुलींचीही नावे असू द्यावीत.