ताटाआधी चूल

संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, साकूरच्या बाजूला, माझ्या नणंदेचे घर आहे. गेल्या पावसाळ्यात वन्संना मधुमेह निघाला. भाच्याने त्याच संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर आहार सुचवणारे एक ॲप टाकून दिले. वय, उंची, वजन, रक्तातली साखर, दिवसभराची हालचाल अशी माहिती भरली आणि लगेच आठवड्याचा तक्ता आला. सकाळी बदामाच्या दुधातले ओट्स, दुपारी किन्वा आणि ब्रोकोली, रात्री सूप. घरामागच्या गोठ्यात चार गाई, कणगीत बाजरी, परसात गवार लागलेली. वन्संनी अकरा दिवस तो तक्ता पाळला. सात माणसांचा स्वयंपाक उरकून स्वतःसाठी वेगळे शिजवले. बाराव्या दिवशी सोडून दिले. घरातल्यांनी एकच निष्कर्ष काढला: यांना निग्रह नाही.

हा ठपका मला मान्य नाही. त्यामागे जो समज आहे तो आज गावोगाव पसरला आहे, शिकलेल्यांत अधिक. समज असा की माझ्या शरीराची जितकी जास्त माहिती यंत्राला मिळेल, तितका माझा आहार अचूक ठरेल. यंत्र सांगते ते बरोबरच असते. चुकते ते पाळणारा माणूस. या समजाचे खंडन करायचे तर आधी त्याची बाजू पुरती मांडायला हवी.

ती बाजू लेचीपेची नाही. शरीरे वेगळी असतात हे निर्विवाद आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा सारखे सांगतो, शरीर वेगळे निघते. २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी ८०० माणसांच्या ४६,८९८ जेवणांनंतरची रक्तशर्करा नोंदवली. तोच पदार्थ एकाची साखर चढवतो आणि दुसऱ्याची नाही, असे त्यांना दिसले. आतड्यातल्या जीवाणूंपासून व्यायामापर्यंतची माहिती घेऊन त्यांच्या संगणकाने हा चढउतार बऱ्यापैकी आधी सांगितला. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये हजारावर माणसांवर झालेल्या अभ्यासात जुळ्या भावंडांची शरीरेही एकाच जेवणाला निरनिराळा प्रतिसाद देताना आढळली. मग सर्वांना एकच सल्ला का द्यायचा, असा प्रश्न पूर्वपक्ष विचारतो. प्रश्न रास्त आहे.

उत्तराचा पहिला भाग याच शास्त्रातून मिळतो. दोन माणसांत फरक पडतो हे दाखवले, तरी एकाच माणसात तेच जेवण पुन्हा तोच परिणाम करते का, हे तपासायला हवे. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. मधुमेह नसलेल्या माणसांना तेच जेवण काही दिवसांनी पुन्हा दिले, तेव्हा साखरेचा चढउतार त्याच माणसात जवळजवळ तितकाच बदलला, जितका तो वेगवेगळ्या माणसांमध्ये बदलत होता. हा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका आठवड्याच्या आलेखावरून ‘तुम्हाला भात चालतो, भाकरी चालत नाही’ असे ठामपणे सांगणे म्हणजे एका पावसावरून सालभराचे पीक वर्तवणे होय.

दुसरा पुरावा युरोपातला. ‘फूड फॉर मी’ या प्रयोगात सात देशांतल्या १,६०७ जणांना गटागटांत विभागले होते. एका गटाला सर्वसाधारण सल्ला दिला, दुसऱ्याला तो काय खातो हे पाहून सल्ला दिला, तिसऱ्यासाठी शरीराची मोजमापेही धरली, चौथ्यासाठी जनुकेही. २०१७ मध्ये निकाल आला. माणूस काय खातो हे पाहून दिलेला सल्ला सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा सरस ठरला. मोजमापे आणि जनुके त्यावर चढवल्याने मात्र आणखी काही लाभ दिसला नाही. उपयोगी पडले ते ताट पाहणे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ६०९ जणांवर झालेल्या प्रयोगात, कमी चरबीचा की कमी पिष्टाचा आहार कोणाला लागू पडेल, हे जनुकांवरून ओळखता आले नाही.

इथे दुसरा एक पूर्वपक्षी उठतो. तो म्हणतो, वैयक्तिक आहार ही आपलीच जुनी विद्या. वात, पित्त, कफ पाहून आहार सांगणाऱ्या आयुर्वेदाचे हे नवे रूप. प्रश्नावली भरा, प्रकृती कळेल, पथ्य मिळेल. चरकसंहितेच्या विमानस्थानाचा पहिला अध्याय उघडला तर चित्र वेगळे दिसते. आहार ठरवताना तिथे आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यातली प्रकृती म्हणजे पदार्थाचा स्वभाव. करण म्हणजे त्यावर झालेला संस्कार, संयोग म्हणजे कशाबरोबर खाल्ले, राशी म्हणजे किती. मग देश, काल आणि खाण्याचे नियम. खाणारा येतो आठवा. तोही नुसत्या शरीराने येत नाही, त्याच्या अंगवळणी पडलेल्या अन्नासह येतो. प्रश्नावलीवाल्यांनी आठातला एक उचलला आणि सात टाकून दिले. त्याला परंपरेचा आधार म्हणता येणार नाही.

हे सात टाकल्याने काय होते ते मी माझ्या स्वयंपाकघरात मोजून पाहिले. ॲपमध्ये ‘बाजरीची भाकरी, १ नग’ अशी नोंद होती आणि तिच्यासमोर १२० कॅलरी. मी तराजू घेतला. वन्संच्या हातची भाकरी परातीएवढी. तिला लागलेले पीठ भरले ११० ग्रॅम. माझी थापलेली भाकरी लहान. तिचे पीठ ६० ग्रॅम. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ३५० कॅलरी धरल्या तर वन्संची भाकरी पावणेचारशेच्या पुढे जाते आणि माझी दोनशे दहाच्या आसपास राहते. एका नगात इतका फरक असेल, तर त्यावर रचलेला ‘आज तुमच्या ३० कॅलरी उरल्या’ हा हिशेब कशाच्या जोरावर उभा आहे? दोष एका ॲपचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. काम मोलाचे आहे, पण तक्ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे आहेत. पीठ किती घेतले, कालवणात तेल किती सोडले, हे चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही.

संयोगाचेही तसेच. ॲप भाकरीतले लोह मिलिग्रॅममध्ये मोजते. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातले कमी अंगी लागते, भाजीवर लिंबू पिळले तर जास्त. आमच्याकडे दुपारच्या जेवणावर चहा होतोच, पण तो प्रश्न ॲपने विचारला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याकडे माणूस एकटा जेवत असला तरी अन्न एकट्यासाठी शिजत नाही. एका घरात एक पीठ दळून येते, एक कालवण होते, आणि बहुतेक घरांत ते करणारी बाई शेवटी जेवते. आहार ठरतो तो तिथे: दळणात, बाजारहाटात, किराण्याच्या उधारीत, वाढण्याच्या क्रमात. व्यक्तीसाठी काढलेला तक्ता या घरात शिरला की तो कोणासाठी तरी जादा काम होतो. आजारी पुरुषासाठी ते काम बायको करते. आजारी बाईसाठी ते तिचे तिलाच करावे लागते. वन्संचा निग्रह अकरा दिवस टिकला याचेच मला कौतुक वाटते.

मग संगणक नकोच का? तसे मी म्हणत नाही. हे गणित नीट मांडले तर काय साधते, याचा दाखला आमच्या दुधाच्या तालुक्याने आस्थेने पाहावा असा आहे. तो गोठ्यातला आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेत संतुलित आहाराचा कार्यक्रम घेतला. महाराष्ट्रही त्यात होता. गावातलाच प्रशिक्षित माणूस गोठ्यात यायचा, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक पाहायचा, छातीचा घेर टेपने मोजून गाईचे वजन काढायचा. दूध किती, फॅट किती, सध्या काय खाते, हे विचारून चारा वजनकाट्यावर तोलायचा. मग संगणक गोठ्यात आहे त्याच वैरणीतून, त्याच भावात, कमीत कमी खर्चाचा आहार सांगायचा: कडबा इतका, हिरवा चारा इतका, पेंड इतकी, खनिज मिश्रण इतके. पंचवीस लाखांहून अधिक जनावरांपर्यंत हे पोचले. हा सल्लाही एकेका जनावरासाठीच होता. फरक सुरुवातीचा आहे. गाईचा संगणक गोठ्यापासून सुरुवात करतो. माणसाचे ॲप शरीरापासून सुरुवात करते आणि दुकानापाशी थांबते.

या गणिताचा जन्मच बाजारभावातून झाला आहे. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने ७७ जिनसा आणि नऊ पोषणघटक घेऊन वर्षभराचा सर्वांत स्वस्त पुरेसा आहार काढला. तो १९३९ च्या भावाने ३९.९३ डॉलरचा होता. दोन वर्षांनी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या रीतीने नऊ कारकुनांनी मिळून १२० मनुष्यदिवस आकडेमोड केली आणि अचूक उत्तर आले ३९.६९.

यावर आक्षेप येईल: माणूस म्हणजे गाय नव्हे. त्याला चव आहे, सणवार आहेत, रुसवेफुगवे आहेत. आक्षेप खरा आहे आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. याच डँट्झिगनी १९५० च्या दशकात वजन उतरवण्यासाठी संगणकाला आपला आहार विचारला. पहिल्या उत्तरात यंत्राने शेकडो गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले. ते काढून टाकले तर पुढच्या उत्तरात दिवसाला दोनशे सूपच्या वड्या आल्या. मर्यादा घालाव्यात तसे यंत्र शहाणे होत गेले. अखेरीस पत्नीने ती सगळी टिपणे पाहिली, त्यातल्या कामाच्या कल्पना उचलल्या आणि नवऱ्याला आपल्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन उतरले. चुलीपाशी असणाऱ्या माणसाच्या हाती गणित गेले तेव्हा ते कामाला आले.

माझा सिद्धान्त एवढाच आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गव्हाची ॲलर्जी अशा आजारांत एकेका रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलाच पाहिजे, आणि तिथे यंत्राची मदत जरूर घ्यावी. बाकी सर्वांसाठी आहाराच्या गणिताचा घटक व्यक्ती नसून घर असावे. यंत्राने आधी विचारावे: घरात माणसे किती, चूल कोण सांभाळते, महिन्याला बाजरी-ज्वारी किती आणि गहू किती, रेशनला काय मिळाले, शेतात काय उभे आहे, डेअरीला किती दूध जाते आणि घरात किती उरते, शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय पडते. आशा ताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातातच. गोठ्यात जाणाऱ्याच्या हाती जे साधन दिले, ते त्यांच्या हाती का देऊ नये?

सर्वांचे पीठ बदलले की सर्वांचा लाभ होतो, याला पुरावा आहे. महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला जास्त लोहाच्या बाजरीच्या पिठाचे पदार्थ दिले, दुसऱ्याला नेहमीच्या बाजरीचे. जास्त लोह खाणाऱ्या गटात शरीरातला लोहाचा साठा वाढला आणि ज्यांना कमतरता होती त्यांची ती दूर होण्याचे प्रमाण अधिक राहिले. त्या मुलांना कोणी स्वतंत्र तक्ता काढून दिला नव्हता. बदलले होते ते धान्य.

वन्संच्या घरी आता वेगळे ताट नाही. डॉक्टरांशी बोलून आम्ही दोघींनी घराचाच हिशेब मांडला: भाकरीचे पीठ तोलून, साऱ्या घराच्या चहातली साखर निम्मी, जेवणावरचा चहा तासभर पुढे, कालवणात मटकी-हुलग्याचे दिवस वाढवलेले, आणि डेअरीला जाण्याआधी अर्धा लिटर दूध घरात ठेवलेले. वन्संची औषधे चालू आहेत, तपासण्याही होतात. बाराव्या दिवशी जे थांबले होते ते सात महिने झाले तरी चालू आहे, कारण ते पाळणारी त्या घरात एकटी बाई नाही. सातही जण पाळतात, आणि वन्संही त्यांच्याबरोबरच पानावर बसतात.